डावीकडे फिरणारी खुर्ची

शेवटी ती खुर्ची थोरलीलाच मिळाली. तिने हिसकावली नाही, मागितली नाही, कुणी कीव येऊनही दिली नाही. रीतसर, सगळ्या लेबर रूमच्या देखत, मोठ्या बाईंच्या तोंडून मिळाली. आणि थोरली तिच्यावर जेमतेम चहा निवेपर्यंत बसली.

पण हे तुम्ही ऐकलेलं नाही. असं काही झालेलं नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत. गोष्ट सुरू होते तेव्हा खुर्चीवर धाकटी बसलेली आहे, तिने सुजलेले पाय समोरच्या स्टुलावर टाकलेत, आणि थोरली दाराशी उभी राहून बिस्किट मोडते आहे. कसं मोडते आहे, तर त्या बिस्किटानेच तिचं घोडं मारल्यासारखं.

आधी खुर्चीचं सांगायला हवं. लेबर रूमच्या मागे नर्सेसची चहाची खोली आहे. ती इतकी अरुंद की दोघी समोरासमोर बसल्या तर गुडघेच एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. तिथे प्लॅस्टिकची स्टुलं आहेत आणि ही एक चाकांची खुर्ची. खुर्ची पूर्वी वरच्या मजल्यावर कार्यालयात होती. तिथल्या साहेबांनी ती टाकून दिली, कारण ती फक्त डावीकडे फिरते. बसकही डावीकडे, चाकंही डावीकडेच. उजवीकडे वळवायला गेलं की कुरकुरते आणि अडून बसते. साहेबांच्या खोलीत खिडकी उजवीकडे होती. नर्सेसच्या खोलीत खिडकीच नव्हती, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

नियम असा, की जिच्या हातून सगळ्यात अचाट केस झाली तिने खुर्चीवर बसायचं. तिच्याहून अचाट केस दुसरीला मिळाली की पहिलीने उठायचं, "बस बाई" म्हणायचं आणि मनातल्या मनात जळायचं. कुठली केस जास्त अचाट, याचा निवाडा मोठ्या बाई करत. मोठ्या बाई म्हणजे लेबर रूमच्या मुख्य सिस्टर. आयुष्यात त्यांनी इतकी बाळं पाहिली होती की मोठी माणसं पाहिली की त्यांना काहीतरी जास्तीचं पाहिल्यासारखं वाटे. त्या डोळे मिटून केस ऐकत, चहाचा घोट घेत आणि म्हणत, "छान आहे. पण उठण्याइतकी नाही." किंवा मग खुर्चीकडे वळून म्हणत, "ऊठ गं."

धाकटी खुर्चीवर बसल्यापासून "ऊठ गं" कुणी ऐकलं नव्हतं.

धाकटी ही थोरलीची जाऊ. तिला घरात आणलं थोरलीनेच. दिरासाठी स्थळं बघत होते तेव्हा थोरली म्हणाली होती, "आमच्या नर्सिंगच्या खालच्या वर्गातली एक मुलगी आहे. अगदी गरीब गाय." लग्न झाल्यावर, "घरी बसून काय करशील? आमच्या लेबर रूमला एक जागा निघालीये," हेही थोरलीच म्हणाली. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. थोरलीने धोंडा आधी घरी नेला, त्याला जेवूखाऊ घातलं आणि मग कामावरही सोबत आणला.

पहिल्याच आठवड्यात धाकटीच्या खोलीत एक बाळ जन्मलं ते मुठीत आईची तांबी धरून. तीच तांबी, जी मूल राहू नये म्हणून बसवतात. एखाद्याने दारावरची 'प्रवेश बंद'ची पाटी उपटावी आणि ती हातात घेऊनच आत यावं, तसं ते बाळ आलं. मोठ्या बाईंनी ऐकताऐकता डोळे उघडले. त्यांनी डोळे उघडल्याचं याआधी कुणाला आठवत नव्हतं.

मग काय, रांगच लागली. पित्ताची गोळी मागायला आलेली एक बाई धाकटीच्या हातून मुलगा घेऊन परत गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की पित्तच आहे, जरा जड आहे इतकंच. एका बाळाला जन्मतःच खाली दोन दात होते आणि त्यांचा पहिला उपयोग त्याने डॉक्टरबाईंच्या हातमोज्यावर केला. एका प्रसूतीत नवरा भोवळ येऊन असा पडला की टाके बायकोला एकही नाही आणि नवऱ्याला कपाळभर. एका जुळ्यातलं पहिलं वेळेवर आलं आणि दुसऱ्याने आत बसून आठवडाभर विचार केला. सगळं धाकटीच्याच खोलीत. ती नुसती हातमोजे घालून उभी राहायची आणि सृष्टी तिच्यापुढे येऊन कोलांट्या मारायची.

आणि थोरली? थोरलीच्या खोलीत बाई यायची, कळा द्यायची, बाळ व्हायचं, वार पडायची, चहा. थोरली बाईच्या कमरेवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "काही नाही गं, साधंच आहे." आणि मग खरोखरच साधं व्हायचं. इतक्या आज्ञाधारक प्रसूती जगात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आल्या नसतील. डॉक्टरबाई तिच्या खोलीत फक्त सही करायला यायच्या. "तुमच्या हाताला यश आहे हो," असं बायकांचे नातेवाईक म्हणायचे तेव्हा थोरली हसायची, पण ते हसू घरी पोचेपर्यंत आंबायचं.

घरी तर विचारूच नका. सासूबाई ताटं वाढतावाढता विचारायच्या, "मग, आज काय?" प्रश्न दोघींना असायचा, मान धाकटीकडे असायची.

"आई, आज काय सांगू! बाळ बाहेर आलं तेच शिंकत. आणि शिंकलं कुठे, तर थेट डॉक्टरबाईंच्या चष्म्यावर."

"अगं बाई! आणि मग?"

"मग डॉक्टरबाई म्हणाल्या, पुसा. मी बाळाला पुसलं. त्या म्हणाल्या, त्याला नाही, मला!"

सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. मग थोरलीकडे वळायच्या. "आणि तुझं गं?"

"दोन मुली, एक मुलगा. सगळे सुखरूप."

"बरं झालं. भाजी उरलीये का बघ जरा."

थोरलीचा नवरा जेवताना हूं की चूं करणारा माणूस नव्हता. पण शिंकेच्या गोष्टीला तो फस्सकन हसला. थोरलीने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यातल्या कशातच मीठ नव्हतं. त्याने मुकाट खाल्लं, त्यामुळे तिला आणखीच राग आला.

थोरली वाईट बाई नव्हती. आपल्या अचाट केसमध्येही आई आणि बाळ धडधाकट घरी जावेत, असंच तिला वाटे. फक्त धडधाकट होण्याआधी त्यांनी लोकांना थोडं तोंडात बोट घालायला लावावं. एकच केस. एकदाच मोठ्या बाईंचे डोळे उघडावेत आणि एकदाच सासूबाईंनी आपल्याकडे बघून "आणि मग?" म्हणावं.

आणि आता घाई होती. मोठ्या बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "मी गेल्यावर तुमची भांडणं सोडवायला कोणी येणार नाही. माझ्या शेवटच्या दिवशी जी खुर्चीवर असेल, तिची ती कायमची." धाकटीचे दिवस भरत आले होते. ती सोमवारपासून रजेवर जाणार होती. म्हणजे रजेवर असतानाही खुर्ची तिचीच राहणार, रिकामी, गादीवर तिच्या आकाराचा खड्डा घेऊन.

तेव्हा थोरलीने तो शब्द वापरायला सुरुवात केली.

लेबर रूममध्ये एक शब्द उच्चारत नाहीत. कोणी पाटी लावलेली नाही, पण नव्या मुलीला हात धुवायला शिकवण्याआधी हे शिकवतात. 'शांत.' "आज किती शांत आहे," असं कुणी म्हटलं की संपलंच. अर्ध्या तासात लिफ्टमध्ये एक, जिन्यात एक आणि दारातल्या गाडीत एक. एकदा विजेचे दिवे तपासायला आलेला माणूस सहज म्हणाला, "बरं शांत असतं हो इकडे." त्याला वॉर्डातल्या मावशींनी शिडीवरून उतरवून बाहेर घालवलं. दिवा अजून गेलेलाच आहे.

थोरली चादरींच्या कपाटात डोकं घालायची आणि घड्यांच्या कानात पुटपुटायची, "आज अगदी शांत आहे हं." शब्दाला गुण होता, पण पत्ता चुकत होता. ती पुटपुटायची आणि धाकटीच्या खोलीत पायाळू बाळ यायचं. ती पुटपुटायची आणि धाकटीच्या खोलीतली बाई कळांमध्ये वरच्या पट्टीत गाणं म्हणायची, ते इतकं सुरेल की शेजारच्या खोलीतली बाई कळ थांबवून ऐकायची. शेजारच्या खोलीत थोरली असायची. तिची बाई म्हणायची, "सिस्टर, दार जरा उघडं ठेवता का?"

मग एके दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी खोल्या वाटून दिल्या. थोरलीला दोन नंबर, धाकटीला चार. दोन नंबरमध्ये एक ग्रंथपाल बाई होत्या, ज्या कळ आली की "माफ करा हं" म्हणायच्या. चार नंबरमध्ये सर्कशीत तारेवर चालणारी बाई होती.

तारेवर चालणारी! ही बाई काय करेल याचा नेम नव्हता. उलटी लटकून प्रसूत होईल. हातात छत्री मागेल. थोरली धाकटीकडे गेली आणि आवाजात जमेल तितकी साय घालून म्हणाली, "अगं, पाय बघ तुझे किती सुजलेत. चार नंबर लांब पडते तुला. मी घेते ती. तू माझी दोन नंबर घे. ग्रंथपाल बाई आहेत, काही त्रास नाही."

धाकटीचे डोळे भरून आले. "ताई, किती करता हो माझ्यासाठी."

"त्यात काय," थोरली म्हणाली आणि जवळजवळ पळतच चार नंबरला गेली.

तारेवर चालणारी बाई पाठीवर पडून राहिली, सांगितलं तेव्हा जोर दिला, सांगितलं तेव्हा थांबली. मुलगा झाला. दोन हात, दोन पाय, रीतसर रडणं. "फार भीती वाटत होती हो," ती म्हणाली. "मी जमिनीवर कधीच काही धोक्याचं केलेलं नाही." थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की त्या बाईला वाटलं, आपलं काही चुकलं की काय.

इतक्यात बाहेर पळापळ ऐकू आली. दोन नंबरच्या दारात गर्दी होती. डॉक्टरबाई, दोन शिकाऊ डॉक्टर, शेजारच्या विभागातली माणसं, आणि ज्याचा काही संबंध नाही असा एक औषधांचा विक्रेता. थोरलीने टाचा उंचावून पाहिलं. ग्रंथपाल बाईंचं बाळ पाणमोटेसकट बाहेर आलं होतं. पिशवी फुटलीच नव्हती. बाळ आत, पाण्यात, पाय दुमडून, आपण जन्मलो आहोत याची कसलीही कल्पना नसलेलं, झोपलेलं. धाकटी ती पिशवी दोन्ही तळहातांवर धरून उभी होती. मग धाकटीने चिमट्याने पिशवी अलगद फोडली, पाणी गेलं, आणि झोपमोड झालेल्या माणसासारखं ते बाळ ओरडायला लागलं.

"माफ करा हं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "फार गर्दी झाली का माझ्यामुळे?"

त्या दुपारी चहाच्या खोलीत धाकटी खुर्चीवर बसून ते सगळं सांगत होती. दाराशी थोरली होती आणि तिच्या हातात ते बिस्किट होतं, ज्यापाशी आपण सुरुवातीला आलो होतो.

"...आणि ताईंमुळे मिळाली हं मला ती केस," धाकटी म्हणाली. "त्यांनीच बदलून दिली. असं मन लागतं."

मोठ्या बाईंचे डोळे पूर्ण उघडे होते. "मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिलंय असं," त्या म्हणाल्या. "आता याच्यावर काय येणार? खुर्चीचा निकाल लागला म्हणायचा."

थोरलीच्या हातात बिस्किटाचा भुगा उरला होता. तिला कळत होतं की गप्प बसावं. जिभेने मात्र तिला विचारलं नाही.

"बाकी आज," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "काय शांत आहे नाही?"

मावशींच्या हातून किटली निसटली. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. कुणी काही म्हणायच्या आत खुर्चीखाली पाणी ओघळायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, किटलीतला चहा. पण चहा दाराशी सांडला होता.

"ताई," धाकटी खाली बघत म्हणाली, "हे तुम्ही केलंत."

सगळ्या उठल्या. धाकटी उठेना.

"चल, स्ट्रेचर आणते," थोरली म्हणाली.

"मी उठणार नाही. उठलं की खुर्ची जाते."

"अगं, तुझं बाळ येतंय!"

"येऊ दे. नियम म्हणजे नियम."

वाद घालायला वेळ नव्हता. कळा एकीवर एक येत होत्या. मावशींनी पाठ धरली, थोरलीने हात धरले आणि खुर्ची धाकटीसकट बाहेर ढकलली. प्रसूतीच्या खोल्या दारातून उजव्या हाताला. खुर्ची उजवीकडे वळत नाही. तेव्हा दारात डावीकडून पाऊण गिरकी घ्यावी लागली, औषधांच्या ट्रॉलीपाशी आणखी एक, आणि दोन नंबरच्या उंबऱ्यात एक पूर्ण, कारण मावशींचा अंदाज चुकला.

"ताई, मला गरगरतंय," धाकटी म्हणाली.

"डोळे मीट."

"मिटलेत. तरी गरगरतंय. ही गोष्ट मी सांगणार बरं का आईंना. खुर्चीवरून गरगरत नेलं म्हणून."

म्हणजे इथेही हिचीच केस, थोरलीच्या मनात आलं. स्वतःच्या बाळंतपणातलीही गंमत हिनेच उचलली.

डॉक्टरबाई वर ऑपरेशनला उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी त्यांना निरोप धाडला आणि स्वतः हातमोजे घ्यायला गेल्या, तर धाकटीने थोरलीचं मनगट पकडलं.

"ताईच हव्यात."

"का गं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी काय परकी?"

"ताईंच्या खोलीत काही होत नाही." तिच्या कपाळावर घाम होता आणि चेष्टेचा मागमूस नव्हता. "दुसऱ्यांचं अचाट मला चालतं हो. माझं नको."

थोरलीला हे एखाद्या चपराकीसारखं लागलं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कुणी याहून अपमानकारक काही बोललं नव्हतं, आणि याहून मोठंही. यातलं कुठलं आधी मनाला लावून घ्यावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने हातमोजे घातले, धाकटीच्या कमरेवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "काही नाही गं, साधंच आहे."

डोकं लवकर आलं. काळेभोर, ओले केस. मग कपाळ, नाक, हनुवटी. आणि मग ते डोकं कासवासारखं थोडं मागे गेलं आणि तिथेच रुतलं. गाल वर दाबले गेले.

खोलीतल्या तिघींनाही कळलं. खांदा अडकला होता. आतल्या हाडामागे. ही अशी केस असते जी चहाच्या खोलीत कधीच कुणी सांगत नाही.

थोरलीने इतकी वर्षं मागितलेली केस तिच्या हातात होती, हनुवटीपर्यंत. आणि तिला ती परत करायची होती. कुणी आत्ता दारात येऊन मागितली असती तर तिने खुर्चीसकट देऊन टाकली असती.

"जोर थांबव," ती म्हणाली. "मोठ्या बाई, एक पाय तुम्ही. मावशी, दुसरा. गुडघे पोटाशी. अजून. अजून वर."

"खांदा ना?" धाकटी म्हणाली.

"काही नाही गं, साधंच—"

"खोटं बोलू नका, मीही याच खोलीत नोकरी करते! खांदा ना?"

"खांदा," थोरली म्हणाली. "आता तू सिस्टर नाहीस. आता तू बाळंतीण आहेस. तुझं काम कर, मला माझं करू दे."

मोठ्या बाईंनी ओटीपोटावर तळहाताने दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही. बाळाचं तोंड निळसर पडायला लागलं होतं. थोरलीने धाकटीला हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवी केली, इतक्या सहज की धाकटीलाच कळलं नाही आपण कधी वळलो. मग थोरलीने हात आत घातला, बाळाच्या पाठीमागून चाचपत, खालचा हात शोधत. बोटांना कोपर लागलं. कोपरापासून मनगट. तिने ते मनगट बाळाच्या छातीवरून हळूच ओढलं, जसं झोपलेल्या पोराच्या अंगातून सदरा काढतात तसं, आणि एक छोटा हात बाहेर आला. हातामागून खांदा आला आणि खांद्यामागून सगळी मुलगी एकदम.

ती रडली नाही. लोळागोळा झालेली, निळी. थोरलीने तिला पुसलं, चोळलं, तोंडावर मास्क धरला आणि फुगा दाबायला लागली. दाबला, सोडला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. खोली खरोखर शांत होती, आणि तो शब्द मनात येऊनसुद्धा कुणाच्या तोंडी आला नाही.

मग मुलीने तोंड वेडंवाकडं केलं, एक शिंक दिली आणि गळा काढला.

मावशी तिच्यापेक्षा मोठ्याने रडल्या.

डॉक्टरबाई धापा टाकत आल्या. मुलीचा हात हलवून पाहिला, छाती ऐकली, धाकटीला तपासलं. "छान," त्या म्हणाल्या, आणि थोरलीकडे वळल्या. "काय झालं होतं?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "साधीच." आणि खाली बसली. स्टूल होतं की नाही हे तिने पाहिलं नव्हतं. नव्हतं.

मोठ्या बाईंच्या शेवटच्या दिवशी चहाच्या खोलीत सगळ्या जमल्या. खुर्ची मावशींनी तीनदा धुतली होती, तरी गादी आतून ओलीच होती. धाकटी अजून वॉर्डात होती, म्हणून मोठ्या बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे वळून रीतसर म्हटलं, "ऊठ गं." मग थोरलीकडे पाहिलं. "बस बाई."

थोरली बसली. खुर्ची सवयीने डावीकडे वळली आणि थोरलीचं तोंड भिंतीकडे झालं. तशी ती मघाशी सांगितल्याप्रमाणे, म्हणजे न सांगितल्याप्रमाणे, चहा हातात घेऊन बसली. मागे स्टुलांवर सगळ्या वाट बघत होत्या. मोठ्या बाईंनी डोळे मिटलेसुद्धा नव्हते.

"हं," मावशी म्हणाल्या. "सांगा."

"खांदा अडकला होता," थोरली भिंतीला म्हणाली.

"मग?"

"मग निघाला."

"अहो, ते आम्हाला माहितेय. मी पायच धरला होता. नीट रंगवून सांगा ना!"

थोरलीने तोंड उघडलं. त्या दोन मिनिटांत काय काय होतं ते सगळं वर आलं आणि हनुवटीपर्यंत येऊन अडकलं. ते ओढून काढणारं तिथे कोणी नव्हतं. तिने थंड चहा एका घोटात संपवला, उठली आणि म्हणाली, "गादी ओली आहे."

सध्या त्या खुर्चीवर मावशी कापसाचे गठ्ठे ठेवतात.

धाकटी घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "मग, काय काय झालं ते एकदा नीट सांग बघू." आणि धाकटीने सांगितलं, मांडीवर मुलगी, हातवारे करत. त्या गोष्टीत खुर्ची सात गिरक्या घेत होती. त्या गोष्टीत मोठ्या बाईंचे हात थरथरत होते. आणि त्या गोष्टीत एक थोरली होती, खऱ्या थोरलीहून वीतभर उंच, कपाळावर घामाचा थेंब नसलेली, जी एका हाताने खांदा सोडवत होती आणि दुसऱ्या हाताने जावेचे केस मागे सारत होती. तिला कसली भीती वाटत नव्हती. ती आपटून खाली बसलीही नव्हती.

थोरलीला त्या गोष्टीतल्या थोरलीचा भयंकर हेवा वाटला. हिला सगळं जमतं. हिला चादरींच्या कपाटात डोकं घालावं लागलेलं नाही.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. आणि पुढचं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, त्यांनी थोरलीकडे बघून विचारलं. "आणि मग?"

नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला. हा प्रश्न थोरलीने इतकी वर्षं मागितला होता.

"मुलगी," ती म्हणाली. "सुखरूप."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भांड्यातली उरलेली सगळी भाजी थोरलीच्या ताटात वाढली, आणि धाकटीला म्हणाल्या, "तुला उद्या करू."

दवाखान्याच्या नियमाप्रमाणे असाधारण प्रसूती झाली की संबंधित सिस्टरला कार्यालयाकडे लेखी खुलासा द्यावा लागतो. थोरलीला आजवर तो कधी द्यावा लागला नव्हता. तिने तो रविवारी, मांडीवर झोपलेल्या पुतणीला धक्का लागणार नाही अशा बेताने, एका हाताने लिहिला:

"मा. प्रशासकीय अधिकारी यांस सविनय सादर. विषय: दोन नंबरच्या खोलीतील प्रसूती 'साधी' या वर्गात नोंदवणेबाबत. महोदय, उपरोक्त प्रसूतीत खांदा अडकला व निघाला, याखेरीज खुलासा करण्यासारखे काही घडले नाही. जे घडले ते पुन्हा घडल्यास अर्जदारास सोसवणार नाही. सबब, सदर बालिकेने यापुढे अर्जदाराच्या हयातीत कुठेही अडकू नये, निळे पडू नये, तारेवर चालू नये व कोणतीही असाधारण गोष्ट करू नये. करावीशी वाटल्यास अर्जदाराची पूर्वपरवानगी घ्यावी. आणि तरीही केल्यास ती हकीकत घरात प्रथम सांगण्याचा हक्क तिच्या आईस नसून अर्जदारास असावा, असा आदेश आपल्या स्तरावरून तात्काळ निर्गमित व्हावा, ही नम्र विनंती."